लिंबापर्यंतचा टायर

जुन्या मोटारसायकलला टायर घ्यायला गेलेला माणूस साधारणपणे पहिला चहा निवायच्या आत दुकानाबाहेर पडतो. इंद्रजीतचे दोन चहा झाले होते आणि तिसरा येत होता.

बाहेर पाऊस होता. गणपती गेल्यानंतरचा, निरोप घेऊनही उंबऱ्यात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. कोरेगाव भीमाच्या हायवेला जालिंदरच्या टायरच्या दुकानाचा पत्रा वाजत होता. इंद्रजीतच्या पुढ्यात चार टायर उभे होते आणि मुलगी बघायला गेल्यावर मुलगा जसा बघतो तसा तो त्यांच्याकडं बघत होता. म्हणजे खाली मान घालून.

मोटारसायकल त्याच्या चुलत्यांची. केंदूरच्या सोसायटीचे चेअरमन झाले त्या आनंदात त्यांनी ती घेतली होती. पुढच्या निवडणुकीत चेअरमनपद गेलं, गाडी राहिली. तिचे टायर आता इतके गुळगुळीत झाले होते की त्यांवर कधीकाळी नक्षी होती, हे चुलते सांगायचे म्हणून खरं मानायचं.

"दादा, एकच सांगा," जालिंदर म्हणाला. "गाडी फिरती कुठं?"

"केंदूर ते रांजणगाव. कंपनीत."

"मग पुढं रेघांचा घ्या, मागं ह्यो ठोकळ्यांचा. इषय संपला."

"पण हा बटणाचा कसाय?"

"भारी हाय."

"आणि तो रुंद?"

"त्यो बी भारी हाय. फक्त तुमच्या गाडीत बसत न्हाई."

इंद्रजीत पुन्हा विचारात पडला. तेवढ्यात मागून आवाज आला—

"बटणाचाच घ्या. कंपनीत जाता जाता नांगरट तरी होईल."

ट्रकच्या जुन्या टायरांच्या थप्पीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर हेल्मेट, वेणीच्या टोकाला पावसाचा एक थेंब—पडू की नको, अशा बेतात. तिच्या स्कूटरचं पंक्चर काढणं चालू होतं. इंद्रजीतनं मागं वळून बघितलं. पुढं जे काही झालं, ते व्हायला तेवढं पुरलं.

"तुम्ही... टायरच्या कंपनीत आहात का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. सणसवाडीला, क्वालिटीला. स्प्रिंगा तपासते. वाकडं दिसलं की बाजूला काढायचं, एवढंच काम."

इंद्रजीतनं नकळत कॉलर सरळ केली. "मी मेंटेनन्सला."

"मग बरोबर. तुमचं काम मशीन बंद पडल्यावरच सुरू होतं. टायर पण फुटल्यावरच ठरवणार."

जालिंदरला हसू आलं. दुकानदारानं गिऱ्हाइकाला हसू नये म्हणून तो एक टायर पुसत बसला.

"तुमच्याकडं कुठला चालतो?" इंद्रजीतनं विचारलं. हा प्रश्न टायरचा आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. फार ठळक अक्षरांत.

"आमच्याकडं? राहूला? आमची वस्ती पाटाच्या कडंला. काळी माती. पाऊस झाला की रस्ता कसला, मळलेली कणीक. असला रेघांचा टायर आणला तर गाडी उसात आन् माणूस पाटात." तिनं बोट वर केलं. आढ्याला एक टायर टांगला होता, त्यावर ट्रॅक्टरच्या टायरसारखे तिरके पट्टे होते—एकाखाली एक बाण काढल्यासारखे. "तिकडं तो लागतो. पण तुमाला काय त्याचं... तुम्ही तिकडं कशाला येताय."

हा प्रश्न होता, टोमणा होता की आणखी काही, ते इंद्रजीतला कळलं नाही. तिलाही कळलं होतं असं नाही.

"तोच द्या मागच्या चाकाला," तो जालिंदरला म्हणाला.

"दादा, हायवेला ह्यो घुंऽऽ करत जाईल."

"करू दे."

"डांबरावर लवकर झिजंल."

"झिजू दे."

जालिंदरनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग टायर खाली काढला आणि चौथा चहा सांगितला.

इथं इंद्रजीतनं आणखी एक गोष्ट केली. "मीच बसवतो," म्हणाला. "मेंटेनन्सला आहे." बाह्या वर केल्या, लोखंडी पट्ट्या हातात घेतल्या आणि जालिंदरच्या माणसाला बाजूला बसवलं. असल्या टायरच्या कडेवर एक छोटा बाण कोरलेला असतो. चाक ज्या दिशेनं फिरणार, तिकडं तो हवा.

"दादा, बाण बघा," जालिंदर म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

"बघितला," इंद्रजीत म्हणाला. तो त्या वेळी जे बघत होता, ते तिच्या कानातलं होतं.

चाक गाडीला चढलं. ती उठून जवळ आली. टायरकडं बघितलं—नीट, स्प्रिंगा बघते तसं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. मग हेल्मेट घालता घालता म्हणाली, "धरतोय का टायर, ते इथं कळायचं न्हाई. रविवारी येऊन बघा. राहूच्या पुढं पाट लागला की डावीकडं. मोठा लिंब दिसंल."

"नाव?"

"लिंबाचं?"

"...तुमचं."

"रश्मी. आन् तुमचं?"

"इंद्रजीत."

"बाई गं! एवढं मोठं नाव... आन् एका टायरला चार चहा."

स्कूटर पावसात गेली. वेणीच्या टोकाचा थेंब तेवढा दुकानात पडला.

त्या आठवड्यात रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सची कामं जरा रेंगाळली. 'येऊन बघा' म्हणजे नक्की काय बघा? टायर बघा, की... आणि 'रविवारी' कशाला? टायर धरतो की नाही, हे मंगळवारीही कळलं असतं. का सोमवार ते शनिवार ती कामावर असते म्हणून? पण मग टायर बघायला ती कशाला घरी हवी? इथवर आलं की इंद्रजीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. खालून टायर घुंऽऽ करायचा. त्यालाही काही सुचत नसावं.

रविवारी तो गेला. भीमा ओलांडली, राहू मागं टाकलं, पाट लागला, डावीकडं वळला. एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे एका गाडीपुरती काळी, चिकट वाट. टायर असा धरला की बस्स. पुढं मोठा लिंब दिसला. लिंबापासून पुढं अंगणापर्यंत मुरूम दाबलेला होता आणि अंगणात रश्मी दोरीवर धुणं वाळत घालत होती.

इंद्रजीत लिंबाखाली थांबला. एक पाय खाली टेकवला. तिनं बघितलं. त्यानं हात वर उचलला, पण अर्ध्यात त्याला वाटलं, हे बरं दिसत नाही. म्हणून त्याच हातानं डोकं खाजवलं. तिनं टॉवेल वर केला, हलवला—आणि तिलाही तसंच काहीतरी वाटलं असावं, कारण तिनं तो पिळला. टॉवेल कोरडा होता.

मग इंद्रजीतनं खाली वाकून टायर बघितला. टायर बघायला आलो म्हटल्यावर टायर बघणं भाग होतं. बघून झाला. मुरमावरच गाडी वळवली आणि गेला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, लिंबापर्यंत. त्याच्या पुढच्या रविवारीही, लिंबापर्यंत.

रश्मीचा गोंधळ तर त्याहून मोठा. हा माणूस एवढ्या लांबून येतो, टायर बघतो आणि जातो. खरंच टायरच बघायला येत असेल तर? कंपनीत वाकडं-सरळ ठरवायला तिच्याकडं मापं होती. लिंबाखाली थांबलेल्या माणसाला कुठलं माप लावायचं? आणि आपणच हाक मारावी तर... का मारावी? रस्ता आपण सांगितला. टायर त्यानं घेतला. आता ही एवढीशी मुरमाची वाट तरी त्याची त्यानं यायला नको?

त्यातच दौंडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. फोटो चांगला, पगार चांगला, माणसं चांगली. नाही म्हणायला बोट ठेवावं अशी एक जागा नव्हती, हीच पंचाईत. रश्मीचे वडील हौसराव जेवता जेवता म्हणाले, "येत्या रविवारी येत्यात बघायला. तुझ्या मनात दुसरं काही असंल तर आत्ताच सांग, पोरी."

मनात होतं. पण सांगणार काय? आबा, एक माणूस हाय, त्यो लिंबापर्यंत येतो?

"येऊ द्या," ती म्हणाली.

रात्रीची भांडी आवरताना मात्र आईला, तुळजाबाईंना, हळूच म्हणाली, "आई, रविवारी लिंबाच्या अलीकडं कुणी आलं तर दौंडला माझं न्हाई. न्हाई आलं... तर हो म्हणून टाका."

"कोण यायचंय गं?"

"कुणी न्हाई बहुतेक."

तुळजाबाईंनी लेकीकडं बघितलं आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

आता हौसरावांविषयी सांगायला हवं. हौसराव पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. पाळी नसताना पाणी फोडणारे त्यांनी पकडले ते चिखलातल्या खुणांवरून. कुणाची चप्पल, कुणाचा बैल, कुणाचा ट्रॅक्टर—वाकून बघायचे आणि थेट त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसायचे. रिटायर झाले तरी नजर रिटायर झाली नव्हती. रविवारी ते राहूला बाजार करून गप्पा मारून परत येत, आणि लिंबापाशी त्यांना मोटारसायकलच्या टायरची खूण दिसे.

ते वाकत. मग बसत. मग हातातली पिशवी खाली ठेवत.

"अगं तुळजे," एका रविवारी ते घरात येऊन म्हणाले, "आपल्या घरात मोटारसायकल हाय."

"अवो, आपल्या घरात साधी सायकल न्हाई."

"हाय. आपल्याच घरातनं जाती आन् परत घरातच येती. मी बघितलंय."

"गाडी बघितली?"

"खूण बघितली," हौसराव म्हणाले. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं गाडी बघितल्यापेक्षा जास्त.

त्यांनी गोठा बघितला. कडब्याची गंज काठीनं टोचून बघितली. उसात चार सरी आत जाऊन आले. मोटारसायकल नव्हती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. नोकरीत अशी चूक त्यांची कधी झाली नव्हती.

रविवार उजाडला. दौंडचे पाहुणे जीपमधून आले. मध्यस्थ सावळाराम, मुलगा, मुलाचे वडील. पोहे झाले, चहा आला. रश्मी बाहेर येऊन बसली. मुलानं विचारलं, तिनं सांगितलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की तिला धडकी भरली. नजर सारखी खिडकीतून लिंबाकडं जात होती. लिंबाखाली कुणी नव्हतं. आज तर तो लिंबापर्यंतही आला नव्हता.

"वस्ती झकास हाय," मुलाचे वडील म्हणाले. "पण एकलीच. चोरबिर?"

झालं. हौसरावांना एवढंच हवं होतं.

"चला, दावतो," ते उठले. मागोमाग पाहुणे उठले. सगळे लिंबाखाली आले. रश्मीही दारात आली.

"हे बघा," हौसराव उकिडवे बसले. "बाणाच्या नक्षीचा टायर. ट्रॅक्टरला असतो तसला. ह्याचं टोक जिकडं, तिकडनं गाडी आलेली असती. ही खालची खूण. टोक घराकडं. म्हंजी गाडी घरातनं निघाली. बरुबर? आन् ही तिच्यावरनं गेलेली, म्हंजी नंतरची. टोक रस्त्याकडं. म्हंजी रस्त्यानं आली, घरात गेली."

"म्हंजी," मुलाचे वडील सावकाश म्हणाले, "तुमच्या घरातनं कुणीतरी मोटारसायकलवर जातं... आन् परत येतं."

"व्हय. दर रविवारी."

"आन् तुमच्याकडं मोटारसायकल?"

"न्हाई."

"मग त्यो माणूस?"

हौसराव प्रामाणिक माणूस. "त्योच तर घरात सापडंना," ते म्हणाले.

पाहुण्यांनी घराकडं बघितलं. मग एकमेकांकडं. सावळारामांनी आभाळाकडं बघितलं. मुलगा बिचारा खुणेकडंच बघत राहिला. त्याला ती आवडली असावी.

रश्मीला दिसत होतं, आता गप्प बसलं तर आबांच्या घराबद्दल दौंडपर्यंत काय काय जाईल. आणि बोललं तर... ती मुरमावरून चालत लिंबापाशी आली.

"आबा, टायर उलटा बसवलाय," ती म्हणाली. "गाडी आधी येती. मग जाती."

हौसरावांनी खुणेकडं बघितलं. टोकं मनातल्या मनात फिरवली. आधी आली... मग गेली. चेहरा असा उजळला, जणू नोकरीवर परत घेतलं. "आरं तिच्या! बरुबर!" मग तो उजेड हळूहळू मावळला. "पण तुला कसं ठाव?"

पानावरून लिंबोळीसारखा एक थेंब ओघळला.

"माझ्यादेखत बसवला," रश्मी म्हणाली. "मी... सांगितलं न्हाई."

बोलण्यासारखं ती सगळं बोलून बसली होती.

"बरं... कळवतो आम्ही," मुलाचे वडील म्हणाले. 'कळवतो' हा शब्द जेव्हा कळवायचं नसतं तेव्हा जसा म्हणतात, तसाच. सगळे जीपमध्ये बसले. जीप सुरू झाली आणि वाटेला लागली.

आणि त्याच वेळी पाटाच्या कडेनं आवाज आला—घुंऽऽ.

समोरून इंद्रजीत. एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे जीप. लिंबाखाली हातात काठी घेतलेले हौसराव. उशीर झाला होता त्याला, कारण सकाळपासून तो तीनदा निघाला होता आणि तीनदा भीमेच्या पुलावरून परत गेला होता.

"मागं घ्या! ओ, मागं घ्या गाडी!" जीपचा ड्रायव्हर ओरडला.

मागं घेणं सोपं होतं. त्याला सवयही होती. रश्मी लिंबाखाली उभी होती, हात ओढणीत गुंडाळलेले. तिनं हात वर केला नाही, टॉवेलही पिळला नाही. फक्त बघत राहिली.

"मागं न्हाई घेत," इंद्रजीत म्हणाला. "मला पुढं जायचंय."

"आरं, कुठनं जाणार तू?"

तो उसातून गेला. चार पानं कानाला लागली, एक गालाला. टायर चिखलात घसरला, सावरला, धरला, आणि गाडी जीपच्या बाजूनं निघून लिंबाच्या पुढं, मुरमावरून, थेट अंगणात जाऊन उभी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळजाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

हौसराव काठी टेकत अंगणात आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकाशी बसले, बाण बघितला. उठले.

"एक सांग," ते म्हणाले. "तू येतोस का जातोस?"

"यायलाच येतो, मामा... लिंबापर्यंत आलो की, जातो."

"मामा कुणाला म्हणतोस?"

हा शब्द आपण सासऱ्याला म्हणतो, हे इंद्रजीतच्या आत्ता लक्षात आलं. कान लाल झाले. "चुकलं."

"चुकलं व्हय?"

इंद्रजीतनं रश्मीकडं बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "चुकलं न्हाई."

हौसरावांनी काठी भिंतीला लावली. "पहार आणतो," म्हणाले. "आधी ह्यो टायर सरळ कर. उलटी खूण माझ्या दारात चालायची न्हाई. गाव, घराणं, नोकरी सगळं मग बघू." आणि आत गेले. पहार बाहेरच होती.

इंद्रजीत चाक सोडवायला बसला. रश्मी समोर बसली. थोडा वेळ दोघंही टायरकडंच बघत होती. सवय झाली होती.

"तुम्हाला तेव्हाच दिसला होता? बाण?"

"हं."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथंच सरळ केला असता. मग बोलायला काय राहिलं असतं?... म्हटलं, आलात घरी की सांगू. तर तुम्ही घरी येतच न्हाई."

"क्वालिटीला असून चुकीचा माल सोडलात?"

"एकच पीस," ती म्हणाली. "मुद्दाम."

इंद्रजीतच्या हातातली पहार निसटली. "हा टायर मी... रांजणगावसाठी घेतलाच नव्हता," तो म्हणाला. "फक्त ह्या रस्त्यासाठी घेतला. तेव्हा मला रस्ता माहीत पण नव्हता. म्हणजे... कसं सांगू..."

"नका सांगू. जालिंदरदादांना पण कळलं होतं." मग ती हसली आणि बोट दाखवून म्हणाली, "बाण बघा."

"बघितला," तो म्हणाला. या वेळी त्यानं खरंच बघितला. नंतर कानातलंही.

दौंडच्या पाहुण्यांसाठी केलेले पोहे उरले होते, ते केंदूरच्या पाहुण्यानं संपवले. तुळजाबाईंनी परत वाढताना विचारलं, "कुणाचा रं तू?" "चेअरमनचा पुतण्या," तो म्हणाला. "कुठल्या?" "माजी." त्यावर हौसराव पहिल्यांदा हसले.

पुढं दोन्ही घरची माणसं एकमेकांकडं जाऊन आली, बोलणी लांबली, रुसवे झाले, सुपारी फुटली. ऊस तोडणीला आला.

एका रविवारी हौसराव बाजारातून परतले. आदल्या दिवशी रानाला पाणी दिलेलं, वाट ओली होती. लिंबापाशी ते थांबले, पिशवी खाली ठेवली, वाकले. खालची खूण, टोक रस्त्याकडं. आली. वरची खूण, टोक घराकडं. गेली. सगळं जिथल्या तिथं. मग त्यांनी वरच्या खुणेत बोट घालून बघितलं. आल्यापेक्षा गेलेली खूण चांगली खोल होती.

दोघं गेली होती.

हौसराव तसेच जरा वेळ बसून राहिले. मग उठले, पिशवी उचलली, आणि खुणेवर पाय पडू नये म्हणून कडेच्या गवतातून घराकडं चालू लागले.